फट सापडल्यावर

"सिक्युरिटीत जायचंय, कुठला कोर्स करू?" हा प्रश्न पुण्यातल्या आयटीवाल्यांमध्ये सध्या इतका चालतो की मला तो लग्नकार्यातही विचारला जातो. विचारणारी मुलंमुली हुशार असतात. कुणी चार-पाच वर्षं जावा नाहीतर पायथन लिहिलेलं असतं, कुणी टेस्टिंगला कंटाळलेलं असतं, कुणाला एआयमुळे हातचं काम जाईल अशी धास्ती असते. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते: सिक्युरिटी हा निराळा प्रांत आहे, तिकडे जायचं तर डेव्हलपमेंटची वर्षं मागे टाकायची आणि पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं. मी जवळजवळ दशकभर जावा लिहिली आणि मग या कामात आले. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जे मागे टाकावं लागेल असं मला सांगितलं गेलं होतं, त्याच्याच जोरावर मी आज इथे टिकून आहे.

माझं इंजिनिअरिंग सांगलीत झालं आणि नोकरी हिंजवडीत लागली. विमा आणि बँकिंगची सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. स्प्रिंग, ओरॅकल, मेव्हन, दर दोन आठवड्यांनी रिलीज. सिक्युरिटी आमच्याकडे वर्षातून एकदा यायची, ऑडिटच्या रूपानं. व्हीएपीटीचा, म्हणजे त्रुटी शोधून त्यांतून शिरून पाहण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट म्हणून दीडदोनशे पानांची पीडीएफ मेलवर येऊन पडायची. पहिल्या पानावर लाल-केशरी-पिवळ्या रंगांचा तक्ता, मग एकेका फाइंडिंगचा स्क्रीनशॉट आणि खाली 'इनपुट व्हॅलिडेशन करावे' असं एक ठोकळेबाज वाक्य. कोणत्या क्लासमध्ये, कोणत्या क्वेरीत, कशामुळे, याचा पत्ता नाही. रिलीज तोंडावर असायची. मग टीममधला कुणीतरी एक्सेल उघडायचा, 'फॉल्स पॉझिटिव्ह', 'रिस्क मान्य', 'पुढच्या रिलीजला' असे शेरे भरायचा आणि ती फाइल पुढच्या वर्षीच्या ऑडिटपर्यंत मिटायची. ऑडिट करणारे आपलं काम करत होते, आम्ही आमचं करत होतो, आणि त्या दोन कामांच्या मधे फटी जशाच्या तशा राहत होत्या.

मग २०२१ चा डिसेंबर आला. जावा लिहिणाऱ्या कुणालाही तो महिना विसरणं अवघड आहे. १० तारखेच्या शुक्रवारी लॉग फोर जे या लायब्ररीतली त्रुटी जगजाहीर झाली. ही लायब्ररी करते काय, तर प्रोग्राम चालताना घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवते. कुणी लॉगिन केलं, कुठे एरर आली, ते फाइलमध्ये लिहिते. इतकं साधं काम असल्यामुळे ती असंख्य जावा प्रोजेक्टमध्ये असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिच्यात २०१३ पासून एक सोय होती: नोंदीच्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत जेएनडीआय या जावाच्या शोधयंत्रणेचा पत्ता दिसला, तर लायब्ररी तो पत्ता उघडून तिथून माहिती आणायची. म्हणजे बाहेरच्या माणसानं लॉगिनच्या चौकटीत आपल्या नावाऐवजी असा पत्ता टाइप केला की सर्व्हर 'अमुक नावानं लॉगिनचा प्रयत्न झाला' अशी नोंद करायला जाणार, पत्ता वाचणार, हल्लेखोराच्या मशीनवर जाणार आणि तिथला कोड आणून स्वतःवर चालवणार. पासवर्ड लागत नव्हता, कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करावं लागत नव्हतं. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० मिळाले.

त्या शनिवार-रविवारी आमच्यापुढचा खरा प्रश्न होता: ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी कुठे? सिक्युरिटी टीमकडे स्कॅनर होते आणि ते रात्रभर चालत होते. पण स्कॅनर दारावर उभा राहून जे दिसतं ते सांगतो. आम्हाला माहीत होतं की आमच्या पीओएम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनला दिलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत, लॉग फोर जेचं नावही नाही, तरी ती आत आहे, कारण रिपोर्ट छापणारी जी दुसरी लायब्ररी आम्ही घेतली होती, ती तिला सोबत घेऊन आली होती. मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढलं की फांदीला फांदी, तिला फांदी, आणि चौथ्या-पाचव्या पातळीवर ती सापडायची. काही ठिकाणी जारच्या, म्हणजे जावाच्या बांधलेल्या फाइलच्या, आत जार, आणि ती पुन्हा एका वॉर फाइलच्या पोटात. एका जुन्या प्रणालीत लॉग फोर जेची पहिली पिढी होती. ती या त्रुटीतून सुटली, पण त्या पिढीला २०१५ पासून कुणी वालीच नव्हता, म्हणजे तिच्यासाठी वेगळी काळजी. दुसऱ्या पिढीची सुधारित आवृत्ती बसवावी तर तिच्यातही काही सापडायचं. महिना संपायच्या आत २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या एकामागून एक आल्या आणि प्रत्येक वेळी पुन्हा बिल्ड, पुन्हा टेस्टिंग. अपाचे फाउंडेशनच्या छत्राखाली ही लायब्ररी सांभाळणारी माणसं स्वयंसेवक होती. जगभरचा राग झेलत त्यांनी ते काम निभावलं, याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर वाटतो.

त्या दिवसांतल्या कॉलवर दोन बाजू असायच्या. सिक्युरिटीवाले विचारायचे, "पॅच कधी?" डेव्हलपर म्हणायचे, "वेंडरची जार आहे, आम्ही हात लावू शकत नाही." दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही एकमेकांचं समजत नव्हतं. वेंडरच्या जारमधला तो एकच क्लास काढून टाकून तात्पुरतं दार बंद करता येतं, हा तोडगा अपाचेनंच सांगितला होता. तो आमच्या बिल्डमध्ये कसा बसवायचा हे मी त्या कॉलवर दोन्ही बाजूंना समजेल असं मांडलं. सिक्युरिटी टीमच्या प्रमुख बाई वयानं आणि अनुभवानं बऱ्याच मोठ्या. आठवड्याभरानं त्यांनी मला फोन केला. "अगं, तू आमच्याकडे का येत नाहीस? टूल चालवणारी माणसं मला मिळतात. टूलनं काय सांगितलं ते डेव्हलपरला पटवून देणारं माणूस मिळत नाही."

घरी बाबांना हे पटलं नाही. चांगला हात बसलेला आहे, बढती जवळ आहे, आणि आता नव्यानं काय शिकायचं? त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. मी गेले तेव्हा पद एक पायरी खाली आलं, पगारवाढ एक वर्ष बाजूला राहिली, आणि माझ्या शेजारी बसणारी पंचविशीतली मुलं नेटवर्कबद्दल माझ्याहून कितीतरी जास्त जाणत होती. टीसीपीचं पाकीट वायरशार्कमध्ये उघडून वाचणं, लिनक्सच्या परवानग्यांचे बारकावे, विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी हे सगळं मला मुळापासून शिकावं लागलं. ज्यांना असं वळायचं आहे त्यांनी हा काळ धरूनच ठेवावा. पण वेब अ‍ॅप्लिकेशनचा भाग आला की चित्र पालटायचं. पोर्टस्विगर या कंपनीची वेब सिक्युरिटी अकादमी मोफत आहे. तिथले धडे मी रात्री सोडवायचे तेव्हा एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे काय हे मला पाठ करावं लागलं नाही. क्वेरी कशी जोडली जाते, प्रिपेअर्ड स्टेटमेंट का वापरायचं, हे हातात होतं. ऑब्जेक्टचं सीरियलायझेशन, सेशन, फिल्टर, कॅश यांच्या पोटात काय चालतं ते ठाऊक होतं. हल्ला करणारा कुठे बोट घालेल, हा विचार तेवढा वरून शिकायचा होता.

पुढे ओएससीपी ही पेनिट्रेशन टेस्टिंगची परीक्षा दिली. पावणेचोवीस तास दिलेल्या मशिनींमध्ये शिरण्याचा प्रयत्न करायचा, कॅमेऱ्यावर देखरेख चालू. मुलं या भागाबद्दल उत्साहानं विचारतात. त्यानंतरच्या भागाबद्दल क्वचित कुणी विचारतं: पुढच्या २४ तासांत रिपोर्ट लिहून द्यायचा असतो, दुसऱ्या माणसाला तीच पावलं टाकून तिथे पोचता येईल इतका नेमका. मशिनी कितीही फोडल्या असल्या तरी रिपोर्ट नसेल तर नापास. परीक्षा घेणाऱ्यांनी हे फार योग्य केलं आहे असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवली जाते आणि जावीच. दुसऱ्याच्या प्रणालीत विनापरवानगी शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता एवढ्यानं कलम ४३ ची जबाबदारी टळत नाही. म्हणून आमच्या कामाचा पहिला कागद म्हणजे परवानगीचं पत्र: कोणता सर्व्हर, कोणत्या तारखा, काय करायचं नाही, रात्री काही बिघडलं तर कुणाला फोन. बक्षिसाच्या आशेनं कुणाचीही वेबसाइट चाचपून पाहणाऱ्या मुलांना मी हे कळकळीनं सांगते. तुमचं कौशल्य खरं असेल, पण पत्राशिवाय ते वापरू नका.

काही काळानं मी बाहेरच्या संस्थांची ऑडिट करणाऱ्या एका फर्ममध्ये गेले. तिथलं एक काम सविस्तर सांगण्यासारखं आहे. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. सभासद शेतकरी, शिक्षक, बाजारपेठेतले व्यापारी. संस्थेनं नुकतंच मोबाइल अ‍ॅप आणलं होतं आणि ते एका छोट्या वेंडरनं बनवून दिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच भेटीत अभिमानानं सर्व्हर रूम दाखवली. "मॅडम, फायरवॉल बसवलाय, अँटीव्हायरस आहे, दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप आहे. तुम्हाला काही सापडायचं नाही." त्यांच्या परीनं त्यांनी खरोखर खर्च केला होता, सभासदांच्या पैशांची काळजी त्यांच्या बोलण्यात होती.

स्कॅनर लावला. नेहमीचं निघालं: एक हेडर कमी, एक जुनं सायफर चालू. तेवढ्यावर रिपोर्ट देता आला असता आणि अनेक ठिकाणी तेवढ्यावरच दिला जातो. मी बर्प हे विनंत्या अडवून दाखवणारं टूल मधे ठेवून अ‍ॅप हातानं चालवायला घेतलं. संस्थेकडून दोन चाचणी खाती मागून घेतली होती. शिल्लक पाहणं, पैसे पाठवणं, लाभार्थी जोडणं, एकेक विनंती सर्व्हरकडे जाताना दिसत होती. सगळ्यांचे पत्ते एकाच वळणाचे, नीट, एकाच हातानं लिहिलेले वाटावेत असे. फक्त 'खातेउतारा डाउनलोड करा' या बटणाचा पत्ता वेगळ्या धाटणीचा होता. नावं वेगळी, अक्षरांची पद्धत वेगळी, शेवटी उघडा एक आकडा. ज्यानं रिलीज दिल्या आहेत त्याला हे बघितल्याबरोबर कळतं: हे बटण शेवटच्या आठवड्यात आलेलं आहे. कुणीतरी म्हणालं असणार, सभासदांना पीडीएफ हवीच, आणि कुणीतरी रात्री बसून ती दिली असणार. मी पहिल्या खात्यानं लॉगिन केलं, तो आकडा बदलून दुसऱ्या चाचणी खात्याचा घातला, आणि दुसऱ्या खात्याचा उतारा पीडीएफ होऊन माझ्यापुढे उघडला. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, शिल्लक, सगळे व्यवहार. तिथेच थांबले. इतर कुणाचा आकडा घालून पाहण्याची गरज नव्हती आणि तो माझा अधिकारही नव्हता.

वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या धोक्यांची ओवॅस्प ही संस्था जी पहिल्या दहांची यादी काढते, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत हीच जात पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर गेली: माणूस कोण आहे हे तपासलं, पण मागितलेली वस्तू त्याची आहे का हे तपासलं नाही. पहिली तपासणी फ्रेमवर्क करून देतं, एका फिल्टरमध्ये एकदा लिहिली की सगळ्या पानांना लागू होते. दुसरी प्रत्येक ठिकाणी हातानं लिहावी लागते, आणि हातानं लिहायची गोष्ट घाईत राहून जाते. स्कॅनरला ती दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सर्व्हरनं व्यवस्थित उत्तर दिलेलं असतं. आकडा कुणाचा होता हे त्याला काय ठाऊक!

रिपोर्ट लिहायला मी शोधण्यापेक्षा जास्त वेळ घेतला. विनंती जशीच्या तशी, उत्तर जसंच्या तसं. मग लिहिलं की ग्राहकाचा क्रमांक मोबाइलकडून आलेल्या विनंतीतून घेऊ नका, सर्व्हरवरच्या सेशनमधून घ्या. उताऱ्याच्या क्वेरीत खाते क्रमांकाबरोबर ग्राहक क्रमांकाची अट घाला, म्हणजे दुसऱ्याचा आकडा आला तर ओळच मिळणार नाही. यासाठी एक टेस्ट केस लिहा आणि ती बिल्डमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी हा कोड बदलला तर बिल्डच अडेल. आणि हा डाउनलोडचा कोड ज्यानं लिहिला त्यानं त्याच पद्धतीनं आणखी कुठे लिहिलंय ते शोधा.

मग वेंडरच्या डेव्हलपरशी फोन झाला. तरुण मुलगा, एकटाच अ‍ॅपचा मागचा सगळा भाग सांभाळत होता. फोन सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज ताठ होता. ऑडिटरचा फोन म्हणजे आपल्यावर बालंट, ही भावना मी दुसऱ्या बाजूनं अनुभवलेली आहे.

"पण मॅडम, लॉगिन असल्याशिवाय त्या पानापर्यंत कुणी पोचतच नाही."

"तुमचं लॉगिन चांगलं आहे," मी म्हटलं, आणि ते होतंच. "पण लॉगिन म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. त्यानं ओळख पटवून आत सोडलं म्हणून मला कुठल्याही फ्लॅटचं दार उघडता येऊ नये ना?"

तो गप्प झाला. मग मी विचारलं, उताऱ्याचं काम शेवटी आलं होतं का? "हो, लाँचच्या आधी तीन दिवस." मी म्हटलं, मलाही असंच वाटलं होतं, अशा वेळी असंच होतं. नंतर त्यानं एडिटर उघडल्याचं जाणवलं, कळफलकाचा आवाज येत होता. बोलता बोलता तोच म्हणाला, "मॅडम, मग ठेवीच्या पावतीलाही हेच असणार. आणि नॉमिनीच्या फॉर्मला. तोही मी तसाच केलाय." ही दोन ठिकाणं मी सांगितलेली नव्हती. चाचणी खात्यांवर ठेवीच नसल्यामुळे मला ती पानं दिसलीच नव्हती. रीटेस्टला मी गेले तेव्हा तिन्ही ठिकाणं बंद होती, आणि त्यानं क्वेरीतली ती अट एका सामाईक जागी नेऊन ठेवली होती, म्हणजे नवं पान लिहिणाऱ्याला ती टाळताच येऊ नये. माझ्या सूचनेपेक्षा त्याचा उपाय चांगला होता.

सिक्युरिटीच्या कामात मला ज्याचं मोल वाटतं ते हे. फट शोधणं हे कौशल्याचं काम आहे, त्याला सन्मान मिळतो, बक्षिसंही मिळतात. पण सभासदाचा उतारा सुरक्षित होतो तो फट बुजवल्यावर, आणि बुजवणारा हात डेव्हलपरचा असतो. त्याला कमीपणा न देता, त्याच्या कोडच्या पातळीवर जाऊन बोलता आलं तर तो स्वतःच पुढच्या चार फटी दाखवतो. हे बोलणं मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही. ते रिलीजच्या रात्रींनी शिकवलं.

याच्या उलट प्रकार आजूबाजूला बराच आहे आणि त्याबद्दल मला चीड येते. ऑडिटची निविदा निघते, सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला काम मिळतं, तो स्कॅनर चालवून पीडीएफ देतो, संस्थेला सर्टिफिकेट मिळतं, ते फाइलला लागतं. त्या दरात हातानं अ‍ॅप चालवून पाहायला वेळ परवडतच नाही. रीटेस्ट तर करारातच नसते. मग पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर त्याच फटींचा पुन्हा स्क्रीनशॉट काढतो.

विश्वास कुठे ठेवला जातो, हे न पाहिल्यानं काय होतं ते पुण्यानं २०१८ मध्ये पाहिलं. ११ ऑगस्टच्या शनिवारी कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या निरोपांच्या जाळ्याच्या मार्गानं सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एटीएम यंत्र खात्यात पैसे आहेत की नाहीत हे स्वतः जाणत नाही. ते स्विचला विचारतं, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो आणि उत्तर परत आणतो. हल्लेखोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला आणि तो प्रत्येक विचारणेला मुख्य प्रणालीकडे न जाता 'हो, द्या' असं उत्तर देत राहिला. त्या वेळी मी बँकिंगचाच कोड लिहीत होते, आणि दोन प्रणालींमधल्या निरोपाची सही तपासण्याचा जो भाग एरवी कंटाळवाणा वाटायचा, त्याच्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहू लागले. मोठ्या बँकेवर असा प्रसंग येतो तर पतसंस्थेनं हे आपल्याला लागू नाही असं समजू नये.

या क्षेत्रात माझ्याच कामाचे लोक असतात असं नाही. एसओसीमध्ये, म्हणजे सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, बसणारे माझे सहकारी पाळ्यांमध्ये काम करतात, रात्रभर अलर्ट बघतात, शंभरातले बहुतेक निरुपद्रवी निघतात आणि तरी पुढचा तितक्याच लक्षपूर्वक उघडावा लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात, त्यामुळे त्यांच्यावरचा ताण मोठा आहे. हे काम चिकाटीचं आहे, आणि झोप मोडते. सिनेमातली दृश्यं पाहून येणाऱ्यांनी आधी एखाद्या एसओसीवाल्याशी बोलून घ्यावं.

नातेवाइकांचंही एक काम आपोआप मागे लागतं, आणि ते मी आवडीनं करते. मागे काकांचा फोन आला. "अगं, आरटीओचं चलन आलंय व्हॉट्सअ‍ॅपवर, उघडतच नाही." त्यांनी पाठवलेली फाइल एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर इन्स्टॉल होणारी, होती. "काका, तुम्ही ती इन्स्टॉल केलीत का?" सुदैवानं फोननंच अडवलं होतं. मी ती वेगळ्या मशीनवर नेऊन उघडली. परवानग्यांच्या यादीत पहिलीच मागणी: एसएमएस वाचू द्या. आतल्या कोडमध्ये आलेला प्रत्येक मेसेज एका टेलिग्राम बॉटकडे पाठवणाऱ्या मोजक्या ओळी. चलनाचं नावच नव्हतं, फक्त ओटीपीची चोरी. अँड्रॉइड अ‍ॅप कसं बनतं हे ठाऊक असल्यानं ते वाचायला मला फार वेळ लागला नाही. काकांना दोन गोष्टी लिहून दिल्या: चलन फाइल म्हणून येत नाही, परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून बघायचं, आणि पैसे गेलेच तर कुणाला विचारत न बसता सगळ्यात आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

डेव्हलपरची नजर किती दूर जाऊ शकते याचं मला सगळ्यात जास्त भावलेलं उदाहरण २०२४ च्या मार्चमधलं आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर. तो वेगाची मोजमापं घेत होता आणि त्याच्या लक्षात आलं की एसएसएचनं लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, सीपीयू कारण नसताना खर्च होतोय. एखाद्यानं ते सोडून दिलं असतं. तो मागे मागे जात एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपर्यंत पोचला आणि तिथे त्याला मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. कुणीतरी 'जिया टॅन' या नावानं दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात मदतनीस म्हणून वावरून, एकट्यानं राबणाऱ्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून ते आत सारलं होतं. २९ मार्चला फ्रॉइंडनं ते जाहीर केलं. ते दूषित रूप अजून लिनक्सच्या मुख्य स्थिर आवृत्त्यांमध्ये पोचायचं होतं, नाहीतर जगभरच्या अगणित सर्व्हरांचं दार उघडं राहिलं असतं. हा माणूस सिक्युरिटी संशोधक नव्हता. आपली प्रणाली एरवी कशी वागते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती तशी वागत नाही म्हटल्यावर त्याला चैन पडली नाही.

तेव्हा ज्यांना इकडे वळायचं आहे, त्यांनी आधी आपल्या हातातल्या प्रोजेक्टपासून सुरुवात करावी. टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर, लीडला सांगून, दोन चाचणी खाती घ्या आणि एका खात्यातून दुसऱ्याचा आकडा मागून बघा. डिपेंडन्सी ट्री एकदा शेवटच्या फांदीपर्यंत वाचा. जे सापडेल ते दुरुस्त करा, त्याची टेस्ट लिहा, आणि काय झालं होतं ते टीमला समजेल असं एका पानात मांडा. या तीन गोष्टींतली तिसरी करताना आनंद झाला तर हे क्षेत्र तुमचं आहे.

आणि पतसंस्था, नागरी बँका, शाळा-रुग्णालयं चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. पुढचं ऑडिट देताना दराबरोबर हेही विचारा की अ‍ॅप हातानं तपासणार का. रीटेस्टची अट करारात लिहून घ्या, आणि ऑडिटरला तुमच्या वेंडरच्या डेव्हलपरशी थेट बोलू द्या.